दोरीवर जागा दोघांची

युसुफ मुकादम मूळचा रत्नागिरीचा, पण सतरा वर्षं दुबईत, रास अल खोरच्या एका कोल्ड स्टोरचा फोरमन. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे अठरा, आणि हा गडी दिवसातून वीस वेळा आत-बाहेर करायचा, तरी कधी शिंकला नाही. कामगारांना त्याचा एकच दम असे: आत गेलेली डोकी मोजल्याशिवाय दार लावायचं नाही.

२००२ साली सतीशच्या डोक्यात एल्ब्रुसचं खूळ शिरलं. सतीश अबुधाबीला तेल कंपनीत इंजिनियर, आणि एल्ब्रुस म्हणजे रशियातला हिमनद्यांनी झाकलेला, झोपलेला ज्वालामुखी. सतीश आणि युसुफचं नऊ वर्षांचं मेतकूट. ईदला शीरखुर्म्याच्या पातेल्याशी घरच्यांच्या आधी सतीश हजर. त्याच्या ऑफिसातला तरुण रोनित तिसरा भिडू. तिघांपैकी एकानंही खरा बर्फ पाहिला नव्हता. युसुफ म्हणाला, "अरे, फ्रायडेला माझ्याकडे या. थंडी मी शिकवतो!"

चार महिने दर शुक्रवारी दुपारी, गोठलेल्या कोंबड्यांच्या खोक्यांमध्ये उभं राहून तिघांनी जाड हातमोज्यांत दोरीच्या गाठी मारल्या, बुटांखाली लोखंडी काटे बांधले. रोनितची बोटं बधिर झाली की युसुफ ती आपल्या काखेत धरून ऊब द्यायचा. त्याची शाळा आठवीत सुटलेली. या शिकलेल्या माणसांबरोबर एका दोरीला बांधून घेऊन वर जायचं, शिखर त्याला एवढ्यासाठीच हवं होतं.

पण कोल्ड स्टोरनं थंडी शिकवली, विरळ हवा ते बिचारं कुठून शिकवणार? डोंगरावर सरावाच्या दिवशी युसुफला धाप लागली. दहा पावलं, की थांब. पुन्हा दहा, की थांब. सतीशनं पाठीवर हात ठेवला. "टेन्शन नको घेऊस, हबीबी. जाऊ तर तिघं जाऊ."

त्या संध्याकाळी सतीश गाइडशी बोलून आला. "उद्या वेदर खराब आहे. आपलं क्लाइंब परवा. खलास, निवांत झोप." युसुफ गाढ झोपला. का नाही झोपणार? सांगणारा सतीश होता.

जाग आली तेव्हा तळावरच्या पत्र्याच्या खोलीत ऊन आलं होतं. आभाळ निळंशार, आणि शेजारच्या दोन्ही स्लीपिंग बॅगा रिकाम्या. त्या भोळ्याला आधी वाटलं, या दोघांना काही झालं की काय! तो धावत स्वयंपाकघरात गेला. तिथल्या रशियन बाईनं चहा पुढे ठेवला आणि स्वतःच्या कपाळाला हात लावून विचारलं, आता बरं आहे का? मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं सगळं सांगितलं. दुसरा गाइड काल आजारी पडला. उरलेल्या गाइडच्या दोरीवर जागा दोघांची. तुझे मित्र म्हणाले, तुझं डोकं फार दुखतंय, तूच नको म्हणालास.

डोकंबिकं काही दुखत नव्हतं. दुखत होतं ते निराळंच. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस घरचाच असला की कापल्याचं कळतही नाही. सतरा वर्षांत युसुफच्या दारामागे एक माणूस राहिला नव्हता, आणि इथे तोच राहिला.

तो बाहेर दगडावर बसून राहिला. संताप होता, पण नजर उतारावरून हटेना. दुपारी गाइडच्या मागे दोन ठिपके उतरताना दिसले. तोंडून आधी "अल्हम्दुलिल्ला" निघालं, मग रडू फुटलं.

रोनित नजर चुकवून आत सटकला. सतीश समोर उभा राहिला, नाकाचं टोक सोललेलं, ओठ फुटलेले.

"युसुफ, एकच गाइड उरला रे. तुला सांगितलं असतं तर तू हट्ट धरला असतास. सगळ्यांचंच क्लाइंब गेलं असतं." मग तो घाईघाईनं म्हणाला, "आपण दुबईत सांगू ना, तिघंही पोचलो म्हणून. कुणाला कळतंय?"

"सतीश," युसुफ म्हणाला, "तू नुसतं विचारलं असतंस ना, तर मीच म्हटलं असतं, यल्ला, तुम्ही जा. तुझे बूट मी बांधून दिले असते. मी हातानं देणार होतो, ते तू चोरून नेलंस."