कृपादानची वही आणि गहिनीनाथची विहीर

कृपादान पोटात असतानाच त्याचं ठरून गेलं होतं. आधीची दोन लेकरं गेलेली, म्हणून रेबेकाबाईनं ख्रिस्ताच्या देवळात उभं राहून सांगितलं, की हे जगलं तर देवाच्या कामाला देईन. पोरगं जगलं, शिकलं, तिसगावच्या मिशन शाळेत मास्तर झालं. आणि सेहेचाळीस सालच्या नाताळात पाद्रीसाहेबांचा सांगावा आला: नगरला पाद्रीपणाच्या वर्गात एक जागा आहे, येणार की नाही ते ईस्टरच्या आत कळव. रेबेकाबाईनं त्याच दिवशी त्याचा पांढरा अंगरखा धुऊन निळीत घातला.

कृपादानला मात्र काही सुधरंना. नको म्हणावं असं त्यात काही नव्हतं, पण व्हय म्हणायला जीभ उचलत नव्हती. तो नगरला याकोब मास्तरांकडं गेला. म्हाताऱ्यानं त्याला शिकवलं होतं. आता उपदेश ऐकावा लागणार असं धरूनच तो गेला, पण म्हातारा एवढंच म्हणाला, की रोज शाळा सुटल्यावर पानभर लिही. चाळीस दिवस मागचं पान उलटू नको. मग परक्या माणसाचं पत्र वाचावं तसं एका बैठकीत वाच.

लढाई संपली तरी कागद मिळत नव्हता. कृपादाननं जुन्या परीक्षेचे पाठकोरे कागद सुतळीनं शिवले आणि लिहायला बसला. चाळीस दिवस भरले, वाचायला घेतलं, अन् त्याला हसूच आलं. प्रत्येक पान 'मी पापी' म्हणून सुरू होत होतं आणि 'प्रभूनं वाट दाखवली' म्हणून संपत होतं. रविवारी मंडळीपुढं उभं राहून साक्ष द्यायची सवय त्याला सात वर्षांचा असल्यापासूनची. हातात टाक आला की हात आपोआप त्याच चाकोरीत जायचा. एका पानावर तर तो देवाच्या सेवेसाठी दिवसभर तळमळत होता. त्या दिवशी खरं तर त्याला पडसं झालं होतं आणि तो सबंध दिवस नाक शिंकरत होता. पडशाचा शब्दही वहीत नव्हता.

मग हा वहीतला माणूस कोण, आणि आपण कोण? आता त्याला खरंच उत्सुकता लागली. त्यानं दुसरी वही शिवली आणि स्वतःला दोन अटी घातल्या. देवाचं नाव लिहायचं नाही. 'मला वाटलं' असं लिहायचं नाही. पाय कुठं गेले, हातांनी काय केलं, डोळ्यांनी काय पाहिलं, एवढंच.

मार्चात तिचेही चाळीस दिवस भरले. शाळेच्या ओट्यावर बसून त्यानं वाचली.

'गहिनीनाथच्या विहिरीवर गेलो. मुरूम संपला. खाली काळा पाषाण.'

'पाषाणात बोटभर तांबडी चीर. बोट घालून पाहिलं. कोरडी.'

'चीर ओली. गहिनीनाथला आधी मीच सांगितलं.'

गहिनीनाथ हा शिवेवरचा शेतकरी, त्याची नवी विहीर चालली होती. हा मास्तर रोज काठावर येऊन बसतो म्हटल्यावर त्यानं एकदा विचारलंही होतं, "मास्तर, शुभवर्तमान सांगाया आलाय का पानी बघाया?" कृपादाननं तेही लिहून ठेवलं होतं, उत्तर मात्र लिहिलं नव्हतं.

चाळीसातले सत्तावीस दिवस विहिरीचे. तो बोटांवर पुन्हा मोजत बसला. हे खूळ आलं कुठून? मग त्याला गावची विहीर आठवली. गावाबाहेरच्या वस्तीतली म्हणून आईला तिथं दोराला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतेपर्यंत ती घागर घेऊन लांब उभी, आणि हा तिच्या लुगड्याला धरून. दोर किती वेळ सरकतो ते ऐकून पाणी कुठवर खाली गेलंय ते तो आईला सांगायचा. बहुतेक बरोबर यायचं.

घरी येऊन त्यानं ती वही आईला वाचून दाखवली. ती तूर निवडत होती. वाचून संपल्यावर म्हणाली, "ह्यात देवाचं नाव कुठंय?"

"न्हाई लिव्हलं. आई, मला पाद्री न्हाई व्हायचं. शाळा शिकवीन, आन् सुट्टीत विहिरींवर जाईन. दगूड वळखाया शिकायचाय."

"शबूद मी दिलाय. मोडला तर देव मला इचारंल, तुला न्हाई."

त्याच संध्याकाळी त्यानं येणार नाही असं पाद्रीसाहेबांना लिहून टाकलं. रेबेकाबाई तीन दिवस भाकरी पुढं सरकवायची आणि परत तूर निवडायला जायची. अंगरखा घडी करून पेटीच्या तळाशी गेला.

चौथ्या दिवशी तिनंच विचारलं, "गावच्या हिरीवर मी किती येळ हुबी ऱ्हायची, ते लिव्हलंस का त्या वहीत?"

"न्हाई."

"मंग ते लिव्ह. आन् आपल्या वस्तीत पानी कुठं लागंल ते बघ. देव इचारंल तवा मला कायतरी सांगाया पायजे."

त्या दिवशीच्या पानावर त्यानं आधी आईचं उभं राहणं लिहिलं. त्याखाली एवढंच आहे: 'आईला घेऊन वस्तीमागं गेलो. लिंबाजवळ मुरूम उघडा पडलाय. आईनं काठीनं उकरला. हात घालून पाहिला. कोरडा. पहार आणायला पायजे.'