एकदा पावणं म्हटलं की...

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका राक्षसाच्या बालपणाबद्दल बोलत होतो. म्हणजे समोर लॅपटॉपवर मुंबईच्या ओटीटी कंपनीतली तरुण मंडळी होती आणि आक्काच्या कादंबरीतला राक्षस लहानपणी कशानं दुखावला गेला असेल, यावर पुन्हा एकदा गंभीर चर्चा चालली होती. आक्काचा पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी गेली." मी विचारलं, "कुठं गेली?" ... ऐंशी ओलांडलेली, दोन्ही गुडघे संपावर गेलेली बाई. कुठं जाणार होती! त्यात माझा माइक चालूच. त्यांना वाटलं, मी गोष्टीतल्या चेटकिणीबद्दल विचारतोय. एक मुलगी उत्साहानं म्हणाली, "एक्झॅक्टली सर! तिसऱ्या एपिसोडनंतर ती जाते कुठं, हाच आमचाही प्रश्न आहे."

आक्का आमच्या शाहूपुरीतल्या शाळेत मराठी शिकवायची आणि आमच्याच गल्लीत राहायची. माहेर गडहिंग्लजकडचं, कानडी मुलखाला लागून, म्हणून सगळ्यांची आक्का. वर्गात 'बाई' म्हणायचं, घरी 'आक्का'. मी नेमकं उलटं करायचो आणि दोन्हीकडं मार खायचो. तिची 'भुकाळ्याची गुहा' आमच्या पिढीनं पानं सुटेपर्यंत वाचली. भुकाळ्या हा माणसं खाणारा राक्षस, पण बोलणं अस्सल इथलं. गुहेशी कुणीही आलं की सवयीनं ओरडणार, "या पावणं!" आणि एकदा पावणं म्हटलं की संपलं. पावण्याला जेवू घातल्याशिवाय खायचं कसं? आणि जेवू घातलं, की मग त्याला खायचं कसं? कादंबरीभर बिचारा रांधतोय, वाढतोय आणि स्वतः उपाशी. आक्काचंही तेच. दार वाजलं की कोण आहे ते न बघता आतून हाळी, "या पावणं!" मग दारात दूधवाला असो, नाहीतर मी. स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून एक जादा ताट कायम उभं असायचं, येईल त्याच्यासाठी.

पुस्तक कधीच बाजारातून गेलं होतं आणि आक्काची नजरही. एका कंपनीला मुलांच्या जुन्या कादंबऱ्यांवर मालिका करायच्यात असं कळलं, तेव्हा चार मालिकांचे भाग लिहून स्वतःला लेखक समजणारा मी त्यांना घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं सगळे हक्क देऊन टाकले. "वाचायचं आता जमत न्हाय सुध्या," ती म्हणाली, "एकदा त्येच्या तोंडातनं 'या पावणं' कानांवर पडू दे. मग मी सुटले."

कंपनीचं पहिलं म्हणणं हे, की 'पावणं' बाहेर कुणाला कळणार नाही. मी हुशार माणूस. लगेच भुकाळ्याची भाषा शुद्ध केली. गुहेत मुलगा शिरतो आणि राक्षस गरजतो, "कोण आपण?" हा प्रवेश मी आक्काला साभिनय वाचून दाखवला, तोही उभा राहून. ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "आरं, असं इचारल्यावर त्यो खाऊनच टाकंल की!"

आणि तसंच झालं. मुलाला न खाण्याचं कारणच गोष्टीत उरलं नाही. मग कारणांचा शोध सुरू झाला. राक्षसाची आई त्याला सोडून गेली असं ठरलं, पण ते फार रडकं झालं. तेव्हा मी, याच हातांनी, भुकाळ्याला माणसांची अ‍ॅलर्जी लावली. आक्का ठसका लागेपर्यंत हसली. "मग त्येला डागदराकडं न्ह्या की! शिरियल कशाला काढताय?" त्यानंतर मात्र हसणं कमी होत गेलं. गेलो की एकच प्रश्न, "कुठवर आलं?" मी म्हणायचो, "पाइपलाइनमध्ये आहे, आक्का." ती म्हणायची, "व्हय? आणि नळाला ठावं हाय का त्ये?"

ती गेली आणि काही आठवड्यांत कंपनीनं मालिका बाजूला ठेवल्याचं कळवलं. हक्क मात्र त्यांच्याकडंच राहणार. ते काढणार नाहीत, दुसऱ्याला काढू देणार नाहीत, पुस्तकही कुणाला छापता येणार नाही. वकिलाला विचारलं, त्यानं चहा पाजून परत पाठवलं. भुकाळ्या आता मुंबईतल्या कुठल्यातरी कपाटात बसलाय. उपाशी राहायची त्याला सवय आहे म्हणा... पण तिथं कुणी पावणाही येणार नाही.

परवा पाय सवयीनं आक्काच्या दाराशी गेले. भाच्यानं घर सामानासकट भाड्यानं दिलंय हे मला ठाऊक होतं, तरी मी कडी वाजवली आणि आतल्या हाळीची वाट बघत मूर्खासारखा उभा राहिलो. हाळी आली नाही. एका सभ्य गृहस्थानं दार अर्धं उघडलं आणि अदबीनं विचारलं, "कोण आपण?"

माझंच वाक्य... त्याच्या खांद्यामागं, स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून ते ताट अजून उभं होतं.

"चुकून आलो," मी म्हणालो.