देवाची लोकर

दैवशालाकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते तिच्या चपलांमुळे. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत ती पाचवीला आली होती. वर्गाबाहेर मुलांच्या चपलांची रांग असायची. त्या दिवशी रांगेच्या टोकाला एक निळी आणि एक तपकिरी चप्पल दिसली. तपकिरी निळीपेक्षा दोन बोटं आखूड. कुणाची तरी अदलाबदल झाली असावी असं समजून मी वर्गात विचारलं. दाराजवळ बसलेली, घट्ट वेण्यांची एक मुलगी उभी राहिली.

"त्या माझ्या हायत, बाई."

"दोन्ही?"

"दोनी. माझे पायच दोन नंबराचे हायत."

तिचा उजवा पाय खरंच लहान होता. पोटरी बारीक, बोटं आत वळलेली. आठवडी बाजारातल्या चपलावाल्याशी भांडून तिने दोन जोड्यांतली एकेक चप्पल घेतली होती. तो म्हणाला होता, "उरलेल्या दोन मी काय करू?" त्यावर ही म्हणाली, "ठिवा की. माझ्यावानी उलट्या पायाची कुनीतरी येईल." पुढे त्यानेच मला ही गोष्ट हसत हसत सांगितली.

ती कायम दाराजवळच बसे. पुढे ये म्हटलं तरी येत नसे. शिकवणं चालू असताना मधेच उठून बाहेर जाई. एकदा मी रागावले. म्हटलं, "विचारून जायचं असतं, दैवशाला."

"ते मला इचारून येत न्हाई, बाई."

वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी, मधल्या सुट्टीत ती टाकीजवळ परकराचा घोळ धुऊन उन्हात उभी असलेली मी पाहिली, तेव्हा मला कळलं. त्या दिवसापासून मी तिला रागावणं सोडलं. एवढंच केलं. आणखी काही करायला हवं होतं, ते मला सुचलं नाही.

मुलं चिडवायची. गोपीचंद नावाचा मुलगा ती उठली की "नळ सुटला" म्हणायचा. एकदा ती वळून शांतपणे म्हणाली, "गोप्या, तुझं नाक वाहायलंय ते आधी पूस. माझं मी बघते." त्यानंतर गोपीचंद तिच्या वाटेला गेला नाही.

तिचं घर मेंढपाळाचं. आजोबा येडबा, वडील मल्हार, आई कासाबाई, आणि शंभरावर मेंढ्या. दिवाळीनंतर पुरुष माणसं कळप घेऊन चारणीला बाहेर पडत. पायामुळे दैवशाला आईबरोबर गावाबाहेरच्या वस्तीवरच राही, आणि म्हणूनच तिची शाळा चालू राहिली.

तेराव्या वर्षी तिची उंची भराभर वाढली आणि त्याबरोबर दुखणंही. मांडीच्या मागून कळ निघे ती थेट टाचेपर्यंत. वस्तीवरून शाळेत येताना वाटेत ती तीनदा बसे. कासाबाईने तिला डॉक्टरांना दाखवायला सुरुवात केली. एका डॉक्टरांनी पोलिओचा पाय म्हणून सांगितलं. सगळे डोस दिले होते असं कासाबाई सांगत राहिली, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. तिसऱ्यांनी लघवीचं ऐकून सांगितलं, की हे मनाचं आहे, लग्न झालं की थांबेल.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्या इचारलं, डाक्टर, लगीन झाल्यावर तुमचं काय काय थांबलं?" दैवशाला म्हणाली. "आईनं चिमटा काढला."

आठवीत असताना एका रविवारी ती माझ्या घरी आली. म्हणाली, "बाई, दार लावा." मी दार लावलं. तिने पाठ माझ्याकडे केली आणि कंबरेवरचा कपडा थोडा खाली केला. कण्याच्या तळाशी, मधोमध, केसांचा झुबका होता. मऊ, बोटभर लांब, भंडाऱ्याने पिवळा झालेला. त्याच्याखाली त्वचेला एक खळगी.

"ही देवाची लोकर," ती म्हणाली. "जन्माचीच हाय. आजा म्हनतो, देवानं खूण केली म्हनून आपला कळप वाढला. दर अमुशाला भंडारा लावतेत. भाईरच्याला दाखवायची न्हाई, आन् हिला लोखंड लावायचं न्हाई."

"डॉक्टरांनी पाहिलीय?"

"कुनीच न्हाई. आई मागं उभी राहती, पदर धरून."

"मग आज मला का दाखवलीस?"

तेव्हा तिने जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. आदल्या दिवशी येडबा बाजारात मेंढी घ्यायला गेला होता आणि ती बरोबर होती. एक मेंढी मागचा पाय ओढत होती. येडब्याने पायाला हातसुद्धा लावला नाही. सरळ तिच्या पाठीवरून अंगठा फिरवत कंबरेपर्यंत आला, तिथे दाबलं आणि विकणाऱ्याला म्हणाला, "ही कंबरंत गेलीय. न्हाई घ्यायची."

"बाई, मेंढीचा पाय दुखला तर आजा कंबर बघतो," दैवशाला म्हणाली. "माझा पाय दुखला तर समदे पायच बघायलेत."

त्या आठवड्यात आम्ही तिघी एसटीने परभणीला गेलो. कासाबाईला मी फक्त मोठ्या डॉक्टरांना दाखवू एवढंच सांगितलं होतं. पाठ दाखवायची आहे हे दैवशालाने आईला सांगितलं नव्हतं. हाडांचे डॉक्टर वयस्कर होते, गर्दी खूप होती. त्यांनी पाय वाकवून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि लिहायला लागले.

"डाक्टर, पाठ बघायची राहिली," दैवशाला म्हणाली.

"दुखतो तो पाय ना?"

"हाव. पर माझा आजा मेंढी घेताना सुदिक कंबर बघतो."

कासाबाईने तिचा दंड धरला. डॉक्टरांचा पेन थांबला. बाहेरच्या बाकावर माणसं खोकत होती. डॉक्टर उठले आणि म्हणाले, "दाखव." कासाबाई मागे पदर धरून उभी होती. दैवशालाने आईचा हात हळूच बाजूला केला.

त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. लघवीचं विचारलं, कधीपासून ते विचारलं. त्यांनी आधी लिहिलेला कागद फाडला आणि एमआरआय करायला सांगितलं. "चौदा वर्षं हे कुणी पाहिलं नाही?" ते म्हणाले, पण ते आम्हाला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे.

फोटो आल्यावर त्यांनी नाव सांगितलं, टेदर्ड कॉर्ड. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू खालच्या टोकाला चरबीच्या गाठीत अडकला होता. मूल वाढतं तसा तो कण्यात मोकळा वर सरकायला हवा. हिचा सरकत नव्हता, ताणला जात होता. पायाच्या आणि लघवीच्या नसा त्या ताणाने मरत चालल्या होत्या. ऑपरेशन करून तो मोकळा करावा लागेल, आणि लवकर, कारण ही अजून उंच होणार. गेलेलं परत येईलच असं नाही, राहिलेलं वाचेल. उशीर झाला तर चालणं जाईल.

मी हे सोपं करून कासाबाईला सांगायला लागले, तर तिने मला थांबवलं. "समजलं, बाई. कोकराच्या गळ्यात दोरी बांधली आन् ते वाढल्यावर सैल करायची राहिली, तर दोरी मासात रुतती. तसंच न्हवं?"

डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच."

ऑपरेशन औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात व्हायचं होतं. शिधापत्रिकेवर सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत बसत होतं, तारीखही मिळाली. अडलं ते येडब्यापाशी. ऑपरेशनला पाठ भादरावी लागणार आणि देवाच्या लोकरीला लोखंड लागणार. "कळप बसंल, मेंढरं मरतील," तो म्हणाला. येडबा वाईट माणूस नव्हता. नातीला त्याने पाठुंगळी घेऊन मैलोन् मैल हिंडवलं होतं. पण हे मात्र तो ऐकेना, आणि मल्हार वडिलांपुढे तोंड उघडत नसे.

तारखेला चार दिवस उरले तेव्हा मी वस्तीवर गेले. त्या दिवशी लोकर कातरणी चालू होती. धुतलेल्या मेंढ्या पाय बांधून ओळीने आडव्या टाकलेल्या, येडबा आणि मल्हार कातर चालवत होते. दैवशाला झोपडीतून आली, ओळीतल्या शेवटच्या मेंढीच्या शेजारी गेली आणि पालथी झोपली.

"ऊठ," येडबा म्हणाला. "हे काय सोंग?"

"कातरा मला, आजा."

"शानी हो."

"लोकर हाय म्हनता ना तुमी? मग लोकर तर कातरायची असती. न कातरल्यावर मेंढी उन्हात मरती, हे तुमीच शिकवलं. देवाची एवढी मेंढरं तुमी कातरली, देव कवा कोपला? मलाच कसा कोपंल?"

"जीभ लय वाढली तुझी."

"तीबी कातरा. पर आधी ही."

मल्हारला हसू आलं, ते त्याने खाली मान घालून लपवलं. येडबा कातर हातात धरून तसाच बसला. त्यांच्यात कातर बाईच्या हातात देत नाहीत. कासाबाई पुढे आली आणि सासऱ्याच्या हातातून कातर काढून घेतली. त्याने ती घट्ट धरली नव्हती, हे मी पाहिलं. ती मुलीजवळ बसली, देवाचं नाव घेतलं आणि दोनदा कातर चालवून झुबका उतरवला.

मग येडब्याने आपल्या पटक्याचा काठ फाडला, तो झुबका उचलून त्यात बांधला, वर चिमूटभर भंडारा टाकला आणि म्हणाला, "देवाचं देवापाशी ठिवतो. पोरगी तुमी घेऊन जा."

ऑपरेशनला साडेचार तास लागले. पंधरा दिवसांनी पायातली कळ गेली, ती पुन्हा आली नाही. लहान पाय लहानच राहिला. लघवीवरचा ताबा पूर्ण आला नाही. तिथल्या नर्सबाईंनी तिला बारीक नळी वापरायला शिकवलं: दर चार तासांनी, हात स्वच्छ धुऊन, स्वतःची स्वतः. म्हणजे कपडे ओले होत नाहीत आणि किडन्यांना धोका राहत नाही. ती एका दिवसात शिकली. कासाबाईला मात्र आठ दिवस रडू येत होतं. शेवटी दैवशालाच म्हणाली, "आई, तू धार काढती तवा रडती का?"

त्या पावसाळ्यात येडब्याची अकरा मेंढरं पोट फुगून मेली. गावाने म्हणायचं ते म्हटलं. पाराजवळ एकाने तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "लोखंड लावलं, फळ मिळालं." ती थांबली.

"मामा, तुमच्या सहा मेल्या. तुमी कुनाला लोखंड लावलं होतं?"

पण ती गोष्ट तिने तेवढ्यावर सोडली नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारलं, तर पावसाच्या आधी टोचायची लस असते आणि ती वस्तीवर कुणी टोचली नव्हती, असं निघालं. पुढच्या वर्षी तिने दवाखान्यातून माणूस बोलावून आणला. त्याच्यामागे हिंडून सुई कशी धरायची ते पाहून घेतलं. बारावीनंतर गावोगाव जनावरांना लस-औषध देणाऱ्या पशुसखीचं प्रशिक्षण घेतलं.

मध्यंतरी स्थळं आली. एकदा मी तिथे होते. चहा येण्याआधीच तिने पाहुण्यांना सांगून टाकलं: पाय असा आहे, पाठीत ऑपरेशन आहे, नळी लागते. मुलाचे चुलते उठले. "बसा की," ती म्हणाली, "च्यात साखर पडलीय आता." ते बसले, चहा प्याले आणि गेले. मी नंतर म्हटलं, इतक्या लवकर सगळं सांगायलाच हवं का? ती म्हणाली, "बाई, चौदा वरीस झाकून बघितलं ना. काय मिळालं?"



वस्तीवर बारसं असलं की दैवशालाला बोलावतात, आणि ती गेली की बाळ पाळण्यात घालण्याआधी पालथं करून पाठ बघते. काही सासवांना ते आवडत नाही. ती विचारत बसत नाही. दोन वर्षांपूर्वी एका बाळाच्या कंबरेवर तिला खळगी दिसली. त्याच आठवड्यात ती त्या आईला घेऊन परभणीला गेली. तपासात काही निघालं नाही. "न्हाई निघालं तर चांगलंच की," ती आल्यावर म्हणाली, "चक्कर झाली तर झाली."

येडबा थकला आहे. पटक्याच्या काठातली ती गाठ देव्हाऱ्यात आहे आणि दर अमावास्येला तो तिला भंडारा लावतो. दैवशाला त्याला हसत नाही.

मागच्या महिन्यात मी तिला मेंढ्या कोंडायच्या एका वाडग्यात काम करताना पाहिलं. ओढणीने कंबर कसलेली, पायांत अजूनही दोन वेगळ्या नंबरांच्या चपला, गळ्यात लशीच्या थंड पेटीचा पट्टा. मेंढीला गुडघ्यात धरून ती लस टोचत होती. तेवढ्यात तिच्या मोबाईलचा चार तासांचा गजर वाजला. तिने हातातली मेंढी मालकाकडे दिली, "धरा, आलेच," म्हणाली, आपली छोटी पिशवी घेऊन झोपडीमागे गेली आणि दहा मिनिटांत परत आली.

ती आता चोवीस वर्षांची आहे, सात गावांतल्या शेळ्या-मेंढ्यांना लस टोचते आणि दोन गावांमधलं अंतर पायी चालते.