बरोबर कोण आलंय?

"बरोबर कोण आलंय?"

चष्मा कपाळावर सरकवून डॉक्टरीणबाई हा प्रश्न विचारायच्या. समोर पोरगी बसली की नाव, वय, दुखणं सगळं नंतर. आई, काकू, मोठी जाऊ असं कोणी असेल तर तपासणी सुरू व्हायची. नसेल तर, "जा, आईला घेऊन ये."

मी सुरतेजवळच्या उधन्यातल्या त्यांच्या दवाखान्यात केसपेपर काढायला होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. बाई मूळच्या जळगावकडच्या, नवरा बँकेत, म्हणून सुरतेत आलेल्या. कापडाच्या लूमवर कामाला आलेली आमची सगळी खानदेशी वस्ती त्यांच्याकडेच यायची. त्यांचं गुजराती म्हणजे मराठी वाक्याला शेवटी 'छे' लावलेलं. "औषध घेतलं छे?" असं विचारलं की सुरती बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण औषध वेळेवर घ्यायच्या. बायकोला अशक्तपणा आहे, टॉनिक द्या, म्हणत आलेल्या एका लूमवाल्याला त्या म्हणाल्या, "टॉनिक नंतर. उद्यापासून पाणी तू भर." तो खरंच भरायला लागला, हे त्याच्या बायकोनंच येऊन सांगितलं.

अशी डॉक्टर तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल. वस्तीला तिचा धाक आणि वस्तीला तिचाच आधार. आईबाप निर्धास्त असायचे, कारण पोरींचं काहीही बाई त्यांच्यापासून लपवायच्या नाहीत.

एका दुपारी नववीतली वंदना शाळेच्या कपड्यांतच आली. एकटी. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला तर ती रडायलाच लागली. पाळी चुकली होती. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातला एक मुलगा होता. आपल्याला 'तसं काही' झालंय का, एवढंच तिला विचारायचं होतं. बाईंनी का कोण जाणे, त्या दिवशी तिला परत पाठवलं नाही. लघवी तपासली. काहीही नव्हतं. पोरीचा जीव भांड्यात पडला.

"मग आता घरी सांगायला नको ना, बाई?"

"जा तू घरी," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंग कारखान्यात होते, नखं कायम रंगलेली. पोरीवर लक्ष ठेवा, इतकंच सांगायचं होतं, असं बाई पुढे मला म्हणायच्या. पण त्यांनी सगळंच सांगितलं. वडील पाया पडून गेले. त्याच महिन्यात वंदनाची शाळा सुटली आणि पारोळ्याकडच्या एका खेड्यात तिचं लग्न लागलं. दवाखान्यात पेढे आले. बाईंनी अर्धा तोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "सांगणं माझं कर्तव्यच होतं."

वर्षभरानं ती बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना, पाय सुजलेले, डोकं सारखं ठणकायचं. बाईंकडे चल, असं आई रोज म्हणायची. ती जागची उठायची नाही. शेवटी झटके आले तेव्हा वडिलांनी रिक्षात घालून आणलं. बाई तशाच तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेल्या. मीही गेले. पोरगी वाचली. बाळ गेलं.

ती शुद्धीवर आल्यावर बाई खाटेशेजारी बसल्या. "इतके दिवस अंगावर का काढलंस गं? दवाखाना हाकेच्या अंतरावर होता."

वंदना छताकडे बघत म्हणाली, "मागे आले होते ना एकदा."

आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्या उठून व्हरांड्यात गेल्या. मी नेलेला चहा तसाच निवला. "विश्वासानं विचारलं होतं तिनं मला," त्या म्हणाल्या. "आणि झालेलं तर काहीच नव्हतं. झालं असतं तरी..."

तिच्या वडिलांकडे जाऊन त्यांनी विनवणी केली. पोरीला इथंच ठेवा, दहावीला बसवा. वडिलांनी हात जोडले. "बाई, लक्ष ठेवा असं तुम्हीच सांगितलं होतं. आम्ही ठेवलं."

पुढे गुरुवारची दुपार त्यांनी फक्त मुलींसाठी ठेवली. आई बाहेरच्या बाकावर, पोरगी आत एकटी. पाळीचं, अंगावरून जाण्याचं, मनातल्या भीतीचं, जे विचारायचं ते विचारायचं. आधी कोणी येईना, मग दबकत दबकत येऊ लागल्या. एक बाप तावातावानं आत शिरला. "माझ्या पोरीनं काय विचारलं?"

"ते तिचं. मी सांगणार नाही."

त्यानं वस्तीभर बोभाटा केला. वर्षानुवर्षं येणारी घरं यायची थांबली, दवाखाना ओस पडायला लागला. गुरुवार मात्र बाईंनी सोडला नाही. शाळेतल्या एक शिक्षिका म्हणाल्या, "फार पुण्याचं काम करताय." बाई त्यांच्यावर खेकसल्याच. "पुण्य कसलं? एका पोरीला तोंड दाखवायला जागा नाही मला."

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी त्या नाशिकला होत्या. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या उधना स्टेशनावर उभ्या असलेल्या.

त्या बाळंतपणानंतर वंदनाला न्यायला तिचा नवरा आला होता. भुसावळकडे जाणारी पॅसेंजर लागलेली, दोघं आत खिडकीशी बसलेली. बाई दवाखाना टाकून आल्या, हातात पिशवी. लोहाच्या गोळ्या, टॉनिक आणि तळाशी आणखी एक पाकीट. इतक्यात पुन्हा दिवस राहू नयेत म्हणूनच्या गोळ्या. त्या कशा घ्यायच्या हे बाईंनी तिला एकटीला गाठून समजावलं होतं.

नवऱ्यानं पिशवी खिडकीतून आत घेतली आणि ते पाकीट वर काढलं. "ह्या कशाच्या?"

"रक्त कमी आहे तिचं," बाई म्हणाल्या. "त्याच्याच. रोज एक."

वंदनानं तेव्हा पहिल्यांदा बाईंकडे सरळ बघितलं. नवऱ्याच्या हातातली पिशवी घेऊन मांडीवर ठेवली.

बाई खिडकीच्या आणखी जवळ सरकल्या. "वंदना, मी चुकले गं."

"गाडी सुटतेय, बाई. मागे व्हा."

गाडी हलली. बाई मागे झाल्या नाहीत. खिडकीचा गज धरून चार पावलं तशाच चालत गेल्या. मग गज हातातून सुटला.