वीस सोडून पुढचे

असुन्सिऑन शहरातल्या त्या आरोग्य कार्यालयात विल्दो ओकाम्पोसला नुसत्या नावानं हाक मारलेली खपत नसे. 'इंजिनिअर' म्हणावं लागे. शिक्षण अर्ध्यातच सुटलं होतं, पण दारावरच्या पाटीला ते कुठे ठाऊक! कुणी चूक दाखवली की हे गृहस्थ कॉलर नीट करत म्हणत, "लोकांना पहिलं पान दिसलं की पुरे."

त्या वर्षी मुलांच्या कानतपासणीचं शिबिर भरलं. श्रवणयंत्रं घेऊन आलेले डॉक्टर शनिवारी परतणार होते. नावं हजारोंनी, सगळी एकदम मागवली तर संगणक गुदमरायचा. म्हणून विल्दोनं तारीख न मिळालेल्यांची यादी वीस-वीसच्या पानांत पाडली. पान घ्या, तारखा कळवा, पुढचं पान घ्या. एकदा तपासून बघावं? तो भित्र्यांचा धंदा.

शिबिरात निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. "आपल्या लोकांना फुकटचीही किंमत नाही," विल्दो म्हणाला.

बुधवारी न्या सातुर्निना ('न्या' म्हणजे तिथलं 'बाई') आपल्या लेकीला, आनालियाला, घेऊन आली. पोरगी सहा वर्षांची. पाठीमागून हाक मारली तर वळत नसे.

"आम्हाला तारीख का नाही आली, साहेब?"

"सिस्टमचा घोळ असेल, बाई."

"मग बोलवा त्याला. मी बोलते त्याच्याशी."

शेजारच्या टेबलावरच्या मिर्नानं हसू दाबलं आणि यादी उघडली. थोड्या वेळानं तिचं हसू मावळलं.

"इंजिनिअर, तारीख मिळाली की नाव यादीतून जातं ना?"

"अर्थात."

"म्हणजे पहिले वीस गेले की मागचे वीस पहिल्या पानावर सरकतात. आणि तुम्ही मागता दुसरं पान! सरकलेल्या विसांना कुणी विचारतच नाही. दर पानाला हेच. निम्मी पोरं घरी बसलीत."

"मिर्ना बाळा, इतकं बारीक कोण बघतं?"

"यांनी बघितलं," ती सातुर्निनाकडे बोट दाखवत म्हणाली.

दर वेळी पहिलंच पान मागायचं, एवढीच दुरुस्ती होती. मिर्नानं ती केली. आनालियाला शुक्रवार मिळाला. पण वाया गेलेले दिवस कुठून आणायचे? शनिवारी डॉक्टर गेले, तेव्हा यादीत कितीतरी मुलं उरलीच होती. त्यांना विल्दोनं कळवलं: 'प्रचंड प्रतिसादामुळे आपला विचार पुढील वर्षी.'

सोमवारी अंगणात तेरेरेची, म्हणजे एकाच पेल्यातून आळीपाळीनं प्यायच्या थंडगार पानांच्या चहाची, फेरी बसली. विल्दो रंगात येऊन सांगत होता, ऐनवेळी आपण नव्या तारखा कशा काढल्या. पेला मिर्नाकडे आला. या फेरीत 'धन्यवाद' म्हणणाऱ्याला पुन्हा पेला मिळत नाही.

तिनं एक घोट घेतला आणि पेला परत केला.

"धन्यवाद, इंजिनिअर."

"एवढ्यात? आत्ताच तर बसलीस!"

"उरलेल्या आयांना फोन करायचेत. खरं काय घडलं ते सांगायला."

विल्दोचा हात कॉलरवरच राहिला.