घाईतली मिरची

"ठेवा, ठेवा ते पाकीट खाली! बी घ्यायला आलात की मुलगी बघायला? नुसतं चित्र काय बघताय!"

आखातातल्या अल खौद गावच्या बी-बियाण्यांच्या दुकानात शिडीवर चढलेले अण्णा माझ्यावर असे ओरडले, की निम्मी गिऱ्हाइकं दचकली आणि बाहेरच्या पिकअपचा हॉर्न आपोआप वाजला. नसेल पटत तर सोडून द्या. माझ्या हातात ढोबळी मिरचीचं पाकीट होतं, त्यावर नारळाएवढी लालभडक मिरची. अण्णांनी उतरून दुसरं पाकीट पुढे केलं. त्यावर टोकदार, बोटभर मिरची आणि मागे बर्फाचा डोंगर.

"अहो, हे थंड देशातलं. इथे जूनमध्ये सरडासुद्धा चप्पल मागतो!"

"म्हणूनच तर. त्यांचा उन्हाळा तोकडा, आपला हिवाळा तोकडा. झाडाला घाई हवी, इंजिनेर. तुमची ही बाई नटूनथटून लाल होईतो मार्च उजाडतो. ऊन तापलं की फुलं गळतात, खलास!"

मी अर्थातच नारळ घेतला.

अण्णा मूळचे लांज्याकडचे. बायको-मुलं गावी, आणि ते एकटे आमच्याच इमारतीत तळमजल्यावरच्या खोलीत. आम्ही पाच-सहा मराठी घरांनी गच्चीवर अर्धी कापलेली निळी पिंपं मांडून बागा केल्या होत्या. दुपारी एक ते चार दुकान बंद, सारा गाव झोपलेला, आणि हा माणूस गच्चीवर. स्वतःच्या पिंपांना पाणी घालायचं, मग आमच्या. कुणाची फांदी वाकली तर काठी लावायची, कुणाच्या पानांखाली मावा दिसला तर साबणाचं पाणी शिंपडायचं. मला त्याचाही राग यायचा. माझ्या झाडांना माझ्यापेक्षा अण्णांची ओळख जास्त होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका गच्चीवर यायच्या आणि सर्वांत देखणी लाल मिरची ज्याच्या झाडावर, त्याला मान द्यायच्या. मान म्हणजे पूर्वेच्या कठड्याजवळची जागा, वर्षभरासाठी. तिथे सकाळचं कोवळं ऊन, वाऱ्याला आडोसा. तीन वर्षं ती अण्णांकडे होती. माझी बायको तर येता-जाता सुनवायची, "अण्णांच्या मिरच्या बघा. नाहीतर आपल्या! हिरव्या त्या हिरव्याच." मी जळायचो. भर उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग तापतं तसा. माझ्यावर पापड भाजता आले असते.

त्या वर्षी मी पाकिटावरचे ऐंशी दिवस मोजून छातीठोकपणे सांगितलं, की डिसेंबरच्या सुरुवातीला माझी मिरची लाल. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते दिवस रोप लावल्यापासनं मोजायचे, इंजिनेर. बी टाकल्यापासनं नाय. आणि तेही हिरवीचे. लाल व्हायला वरती आणखी." सगळी गच्ची हसली. माझी बायको सर्वांत जोरात. (आजही मी पाकीट हातात घेतलं की आधी उलटं करून मागची बाजू वाचतो. चित्राकडे बघतही नाही. पण हे अण्णांना कधी कळू दिलं नाही.)

त्यातच बातमी आली, की अण्णा मार्चमध्ये कायमचे गावी निघालेत. म्हणजे त्यांना हरवायची ही शेवटची संधी. संक्रांत चार दिवसांवर, माझ्या झाडावर दोन थोराड हिरव्या मिरच्या, अगदी निवांत. त्यांना कसलीच घाई नव्हती. मला होती.

संक्रांतीच्या सकाळी मी अल मवालेहच्या भाजीबाजारात गेलो. ढिगातून अशी मिरची निवडली, की तिच्यापुढे ट्रॅफिक सिग्नलने मान खाली घालावी. गच्चीवर कुणी नाही असं पाहून, बायकोच्या शिवणाच्या डब्यातल्या हिरव्या दोऱ्याने ती पानाआड बांधली. कुणी वर येईल या घाईत गाठ बसली की नाही तेही बघितलं नाही. सरळ ऑफिस गाठलं.

संध्याकाळी गच्चीवर एकच गलका! अण्णांच्या झाडांवर वीस-पंचवीस मिरच्या पिकल्या होत्या, पण बोटभरच. माझी एकटी महाराणीसारखी डोलत होती. वारा असा सुटला होता, की वाळत घातलेली चादर उडून थेट दूरच्या रुस्ताक गावाला गेली असावी. मिरची मात्र पडली नाही. मान मला मिळाला. सर्वांत आधी टाळ्या अण्णांनी वाजवल्या. "वैनी, जिंकला हो तुमचा इंजिनेर!" म्हणाले, आणि स्वतःची पिंपं ओढत पूर्वेचा कठडा मोकळा करून दिला. तीन वर्षं ज्या जागेसाठी तडफडलो, तिथे त्या दिवसापासून मला उभंही राहवेना.

मार्चमध्ये विमानतळाची टॅक्सी दारात आली, तेव्हा अण्णांनी बर्फाच्या डोंगराचं ते पाकीट माझ्या खिशात कोंबलं. आत चिमूटभर बी शिल्लक होतं. "सप्टेंबरात टाका. घाईतली हाय, फसवायची नाय." फसवायची नाय, हे ऐकलं आणि माझ्या तोंडून सुटलंच.

"अण्णा, संक्रांतीची ती मिरची बाजारातली होती. मी बांधली होती."

अण्णांनी बॅग डिकीत ठेवली.

"ठाऊक हाय. गाठ सैल होती, दुपारी मीच घट्ट केली."