साहेबांच्या पोरीला कुठलं औषध?

माझी धाकटी जाऊ जयवंता एमेस्सी झालेली. हैदराबादेत काचीगुड्याहून दोन बस बदलून कुकटपल्लीला औषधाच्या कंपनीत जायची. काचेच्या ताटल्यांत माणसाच्या रक्तावर मलेरियाचे जंतू वाढवायचे आणि झाडपाल्याचा अर्क घालून ते मरतात का बघायचं, हे तिचं काम. कुठला पाला ते मी सांगायची नाही. सांगितलं तर उद्या तुम्हीच उकळून प्याल.

एकदा जंतू मेले. झालं, साहेबांनी पेढे वाटले! ब्याण्णव-त्र्याण्णवचे दिवस, जो तो परदेशात माल पाठवायच्या गोष्टी करायचा. जयवंता म्हणाली, "सर, थांबा. अर्क स्पिरिटात काढलाय. नुसतं स्पिरिट घातलं तरी जंतू मरतायत. स्पिरिट उडवून नुसता अर्क घातला, तर जंतू मजेत आहेत."

"मॅडम, अपशकून नका करू," म्हणाले मेहेरबान. आणि बाटल्या भरून कामगारांना वाटल्या, मलेरियाचं औषध म्हणून. फुकट! फुकटचं दान कसलं, आधी गरिबांवर करून बघायचं होतं मेल्यांना.

कंपनीत झाडलोट करणारी गंगू आमच्या नांदेडकडची. तिला मलेरिया निघाला होता, सरकारी दवाखान्यानं गोळ्याही दिल्या होत्या. कडू लागतात म्हणून तिनं त्या सोडल्या आणि बाटली धरली. कामावर दिसेना, तेव्हा रविवारी मला घेऊन जयवंता तिच्या खोलीवर गेली.

गंगू गोधडीत कुडकुडत होती. जयवंतानं बाटली उचलली तशी ती खवळली. "ठेवा खाली! तुमच्या हातचं म्हणून घेते मी. गरिबाला जरा चांगलं मिळालं की डोळ्यांत खुपतं व्हय?"

जयवंतानं स्पिरिट सांगितलं, जंतू सांगितले. तापानं फणफणलेल्या बाईला काय कळणार कपाळ! मला तर वाटलं, बाई डोळ्यांदेखत जाते की काय!

मग जयवंतानं विचारलं, "गंगू, तू साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासतेस ना? त्यांच्या पोरीला मलेरिया झाला, तेव्हा हीच बाटली दिली का?"

"न्हाई, डाक्टर आला होता. गोळ्या दिल्या."

"कसल्या?"

गंगू उशाखालची सरकारी गोळ्यांची पुडी काढून बघत राहिली. "असल्याच," म्हणाली. मी पाणी दिलं, तिनं गोळी गिळली. मग म्हणाली, "बाई, मग ही बाटली कुणासाठी केली?"

 सोमवारी जयवंतानं हाच सवाल सगळ्या कामगारांसमोर साहेबांना केला. त्यांच्या पोरीला दिलेल्या गोळ्यांची गोष्टही सांगितली. दुपारपर्यंत कामगारांनी बाटल्या आणून गेटापाशी ओतल्या आणि संध्याकाळी जयवंताची नोकरी गेली.

घरी दिराचं तोंड वाकडं. "गप्प बसली असती तर आपलं काय बिघडणार होतं?"

मी म्हटलं, "काही नाही, भाऊजी. ताप आला की आपण गोळ्याच घेतो."